साठीचा भात

साठी (सं. षष्टिक) म्हणजे पेरल्यापासून साधारण साठ दिवसांत हाती येणारे हळवे भात. आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (पहिल्या भागात) नेहमी खाण्याजोग्या पदार्थांची यादी आहे, तिची सुरुवातच षष्टिकापासून होते. शाली (हिवाळ्यात पिकणारे भात), मूग, सैंधव, आवळा, जव वगैरे नंतर येतात. ‘अष्टांगहृदय’कार वाग्भटाने षष्टिकाला सर्व व्रीहींमध्ये, म्हणजे पावसाळी भातांमध्ये, श्रेष्ठ, पचायला हलका आणि थंड म्हटले आहे. केरळातला ‘नवरा’ नावाचा तांदूळ याच गटातला. तो दुधात आणि बलामुळाच्या (चिकणा या वनस्पतीच्या मुळाच्या) काढ्यात शिजवून, पुरचुंड्या बांधून अंग शेकतात. पंचकर्मातला पिंडस्वेद तो हाच.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत भाताची खाचरे पश्चिमेला, पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा तालुक्यांत. माण, आटपाडी, जत ही ज्वारी-बाजरीची, भाकरीची गावे. तिकडेही आजारी माणसापुढे भाकरी नव्हे, पेज किंवा गुरगुट्या भातच येतो. आयुर्वेदाच्या ग्रंथांतल्या पथ्यकल्पना (पथ्याच्या पाककृती) म्हणजे या घरगुती पेजेचीच मोजूनमापून केलेली मांडणी.

फरक पडतो तो पाण्याने. तांदळाच्या चौपट पाण्यात शिजवली की विलेपी, सहापट पाण्यात यवागू, चौदापट पाण्यात शिजवून शिते गाळली की मंड. पेया तशीच पातळ, पण शितांसकट. वमन-विरेचनानंतरच्या (उलटी किंवा जुलाब देऊन केलेल्या शुद्धीनंतरच्या) संसर्जनक्रमात, म्हणजे हळूहळू नेहमीच्या जेवणावर येण्याच्या क्रमात, आधी पेया, मग विलेपी, मग मुगाचे कढण, असे चढत जातात. शुद्धी उत्तम झाली असेल तर हा क्रम बारा जेवणे चालतो.

तांदूळ निदान वर्षभर जुना हवा; नवा जड पडतो. तो धुऊन, वाळवून, मंद आचेवर कोरडा भाजावा आणि जाडसर भरडावा. आधण आले की कण्या वैराव्यात, ढवळत राहावे, शेवटी सैंधव, जिरे, चिमूटभर सुंठ आणि पचेल इतके तूप घालावे. वरची प्रमाणे उघड्या पातेल्याची आहेत. कुकरमध्ये पाणी फारसे आटत नाही, म्हणून तेच माप घेतले तर विलेपीची पेया होते, आणि दोष मात्र तांदळाला मिळतो!

‘हलका’ हा शब्द पचनापुरता आहे. भाजला, भरडला तरी पिष्ट (स्टार्च) तेच राहते, त्यामुळे मधुमेह्याने साठीचा भातही मोजूनच खावा. आणि दुकानात पुडक्यावर ‘साठी’ लिहिलेले वाचून थांबू नये. तांदूळ किती जुना आहे, हे आधी विचारावे.