लोअर केलेली गाडी लिफ्टवर घेणे

स्प्रिंग बदलून, कापून किंवा कॉइलओव्हर (उंची फिरवून कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा जोड) बसवून जमिनीलगत आणलेली मोटार सर्व्हिसिंगसाठी गॅरेजच्या लिफ्टवर चढवण्याची पद्धत. लिफ्टच्या ताकदीची इथे काळजी नसते. चार टनांची लिफ्ट सव्वा-दीड टनाची गाडी सहज उचलते. सगळी अडचण पहिल्या दहा सेंटिमीटरांत असते. लिफ्टचा हात गाडीखाली शिरला पाहिजे आणि तिथवर पोहोचताना बंपर किंवा पोट घासता कामा नये. एवढे जमले की पुढचे काम इतर कुठल्याही गाडीसारखेच.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान १६० ते १७५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स घेऊन येतात. लोअरिंग स्प्रिंगने त्यातले २५ ते ४० मिमी जातात; कॉइलओव्हर बराच खाली फिरवला तर ६० मिमी आणि त्याहूनही जास्त. त्यावर बंपरखाली लिपची पट्टी आणि दारांखाली साइड स्कर्ट लावले की उरलेली जागा १०० मिमीच्या आसपास येते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गतिरोधकाची उंचीच १०० मिमी आहे, तीही ३.७ मीटर रुंदीवर पसरलेली. सोसायट्यांच्या गेटवरचे टोकदार उंचवटे हे मानक क्वचितच पाळतात, त्यामुळे अशी गाडी गॅरेजला पोहोचेपर्यंतच निम्मी परीक्षा झालेली असते.

नवी मुंबईतला पाम बीच रोड या गाड्यांना मानवतो. पावसाळ्यातला घोडबंदर रोड, त्यातही गायमुखचा घाट, अजिबात मानवत नाही. कामासाठी मात्र त्या ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये, नाहीतर ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे रबाळे, महापे, तुर्भे, शिरवणे या भागांत येतात. भाड्याच्या गाळ्यात दोन खांबांची लिफ्ट बसवायची तर जाड काँक्रीटची जमीन आणि पुरेसे उंच छत लागते. ज्यांच्याकडे हे नाही ते ट्रॉली जॅक आणि घोड्यांवरच, म्हणजे गाडी टेकवायच्या स्टँडवरच, भागवतात.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडीची पाटी ठाण्याची एमएच ०४ असो की नवी मुंबईची एमएच ४३, नियम एकच.

चार खांबांच्या लिफ्टवर गाडी स्वतः चालत चढते आणि चाकांवरच उभी राहते. इथे आडवा येतो तो रॅम्पचा चढ. प्लॅटफॉर्म जमिनीपासून १५० मिमी वर आणि रॅम्प एक मीटर लांब असेल तर चढ साडेआठ अंशांच्या वर जातो. चाकांमधले अंतर २,६०० मिमी आणि पोटाखाली १०० मिमी जागा असलेली गाडी पोट न टेकवता साधारण ८.८ अंशांचाच माथा ओलांडू शकते. तीच गाडी मूळ १६५ मिमीवर असती तर साडेचौदा अंश चालले असते. पोट सुटले तरी त्याआधी पुढची लिप रॅम्पला लागतेच. उपाय रॅम्प लांबवण्याचा: पायथ्याशी फळ्या टाकून चढ दोन टप्प्यांत फोडतात. गाड्यांचा मागचा भाग बहुधा पुढच्यापेक्षा जास्त उचललेला असतो, म्हणून काही मिस्त्री गाडी उलटीच चढवतात. लोअर केल्यावर कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचा झुकाव आणि रोख, बदलतात, म्हणजे व्हील अलाइनमेंटची गरज याच गाड्यांना सर्वाधिक. आणि अलाइनमेंटची लिफ्ट नेमकी याच गाड्यांना चढवत नाही. जमिनीत गाडलेली, कात्रीसारख्या पायांवर उघडणारी सिझर लिफ्ट हे त्याचे खरे उत्तर आहे, पण तिच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचते आणि त्याचा निचरा आधीच करून ठेवावा लागतो.

दोन खांबांच्या लिफ्टचे हात पॅडसकट सर्वांत खाली असताना साधारण १०० ते १२० मिमी उंच असतात. १०० मिमीच्या गाडीखाली ते जात नाहीत, आणि रेटून ढकलले तर साइड स्कर्टचा तुकडा हातात येतो. म्हणून आधी चाके उंच करतात. टायरपेक्षा रुंद, ३५ ते ४० मिमी जाडीच्या चार फळ्या चाकांसमोर मांडून गाडी त्यांवर चढवली की हात शिरण्यापुरती जागा मिळते. शटरिंगच्या प्लायचे १८ मिमीचे तुकडे एकावर एक खिळवूनही हे काम होते, आणि इमारतींची बांधकामे चालू असलेल्या या भागात ते सहज मिळतात. फळीची पुढची कड तासलेली हवी. खाली रबर लावलेले बरे, नाहीतर तेलकट ओल्या लादीवर पुढची चाके गाडी चढवण्याऐवजी फळीच मागे फेकतात. चढवण्याआधी माणसे उतरवतात आणि डिकीतला सबवूफर-सामान काढतात. मऊ स्प्रिंगवर त्याने बऱ्यापैकी फरक पडतो. दोन्ही बाजूंना वाकून बघणारे दोघे, समोर "येऊ द्या, येऊ द्या… बास!" म्हणणारा एक. स्टिअरिंगवर शक्यतो मालकाला बसवावे, कारण गाडी कुठे टेकते ते त्याला पाठ असते.

फळ्यांनीही भागले नाही तर लो-प्रोफाइल जॅक काढावा लागतो. साध्या ट्रॉली जॅकचे डोके १३० मिमीच्या खाली सहसा येत नाही. लो-प्रोफाइलचे ७५ ते ९० मिमीपर्यंत येते. त्याने एकेक बाजू उचलून चाकांखाली फळ्या सरकवतात. चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या भांड्याखाली, जॅक लावणे हा घाईतला नेहमीचा प्रमाद, आणि त्याची किंमत तेलासकट मोजावी लागते.

हातांवरचे पॅड सिलच्या, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या, जॅक पॉइंटलाच लागले पाहिजेत. स्कर्टमुळे तो दिसत नाही, त्यामुळे आडवे होऊन, टॉर्च मारून बघण्याला पर्याय नाही. सिलची कड बसेल अशी खाच पाडलेले रबर वापरल्यास भार कडेवर न येता तिच्या बाजूंवर जातो. इंजिन पुढे असल्याने गाडीचा तोल पुढच्या बाजूला असतो. चाके जेमतेम सुटली की थांबून गाडी हलवून बघायची आणि मगच वर न्यायची. हवेवरचे सस्पेन्शन असेल तर गाडी आधी पूर्ण उंच करून घेतात आणि तिची आपोआप समतल होण्याची सोय बंद करतात.

वर गेल्यावर चाके लोंबकळतात. कापलेली किंवा फार आखूड स्प्रिंग अशा वेळी सैल पडून बैठकीतून सरकू शकते. गाडी तशीच खाली घेतली तर स्प्रिंग वाकडी बसते आणि पहिल्याच खड्ड्यात आवाज देते. म्हणून उतरवताना प्रत्येक स्प्रिंग हाताने फिरवून जागेवर आणतात.

उतरवताना हमखास विसरतात त्या फळ्या. काम चालू असताना कुणीतरी त्या पायाने बाजूला सारलेल्या असतात. गाडी थेट जमिनीवर आली की लिफ्टचे हात तिच्याखाली अडकतात, बाहेर येत नाहीत, आणि पुन्हा उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जाणते मिस्त्री गाडी वर जाताच फळ्यांच्या जागा खडूने आखून ठेवतात. चाके लोंबकळून खाली आलेली असल्याने टेकल्यावर गाडी थोडा वेळ नेहमीपेक्षा उंच दिसते. चार पावले पुढे-मागे ढकलली की बसते. त्याआधी मोजलेली उंची किंवा केलेले अलाइनमेंट ग्राह्य धरू नये.

कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुशांचे बोल्टही गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच पक्के आवळायचे असतात. लोंबकळत्या अवस्थेत आवळले तर गाडी बसल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. या कामासाठी जुन्या पद्धतीचा खड्डा अजूनही उत्तम. कडेला कठडा नसेल तर लोअर गाडी त्यावर काहीही न घासता येते, आणि मिस्त्री खाली उभा राहून पाना चालवतो. चाके काढायची असतील तेव्हा मात्र खड्ड्याचा उपयोग नाही.