शंका आली म्हणजे श्रद्धा खोटी?

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत ख्रिस्ती घरांत एक समज मुरलेला आहे: मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चालू असताना मनात शंका डोकावली, की विश्वास नकली. साफ चूक. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, ९व्या अध्यायात, आजारी मुलाचा बाप येशूला रडतच सांगतो की विश्वास आहे, पण तोकडा पडतोय, तूच हात दे. येशू त्याला हाकलत नाही. पोराला बरं करतो. मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं तर वर्षानुवर्षांच्या आतल्या अंधाराबद्दल बोलतात. २०१६ मध्ये त्याच संत घोषित झाल्या.

मग पारख कशाची? प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना पत्रात स्वतःलाच तपासायला सांगतो, शेजारणीला नव्हे (हे आपण सोयीने विसरतो). बायबलमधलंच याकोबाचं पत्र आणखी रोखठोक: उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'सुखी राहा' म्हणत वाटेला लावलं, तर तो विश्वास मेलेला. सणाला पहिल्या बाकावर बसायचं आणि बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरायचा, हे आपल्याकडे नवीन नाही. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, असं मत्तयच्या ५व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय.