त्यांना कमी मिळालं ना, मग झालं!

समजा, दोनच पर्याय आहेत. तुमच्या गटातल्या कुणाला 19 गुण आणि समोरच्या गटातल्याला 25. नाहीतर तुमच्या माणसाला 7 आणि त्यांच्याला फक्त 1. हिशेबाने पहिला पर्याय सरळसरळ फायद्याचा. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांपुढे आकड्यांच्या अशा जोड्या ठेवल्या. क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोण आवडतो त्यावरून गट पाडलेत, असं मुलांना सांगितलं होतं. खरं तर गट वाटेल तसे पाडलेले. गुणांचे पैसे मिळणार होते, पण स्वतःला काही देता येत नव्हतं. तरीही बरीच मुलं आपल्या गटाला थोडी झळ बसली तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा वरचढ राहू, याच बाजूला झुकली. जुनं वैर नाही, विचारसरणी नाही, कोण कोणत्या गटात हेही ठाऊक नाही!

समाजमाध्यमांवर तर खरे पक्ष आणि खरे नेते. अमेरिकेतल्या राजकारणी आणि वृत्तसंस्थांच्या 27 लाखांहून अधिक पोस्ट 2021मध्ये तपासल्या गेल्या. विरोधी गटाचा उल्लेख करणारा एकेक शब्द पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता सुमारे 67 टक्क्यांनी वाढवत होता. आपल्यांच्या कौतुकाला एवढे पाय फुटत नाहीत. त्यांची उणीदुणी काढली की फुटतात.

मग दुसरी बाजू ऐकवली तर? समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बेल यांनी 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच करून पाहिलं. रिपब्लिकन समर्थकांना महिनाभर उदारमतवाद्यांचे ट्विट दाखवले, तर ते आणखी उजवीकडे सरकले. मला यात नवल वाटत नाही. समोर येतं ते बहुतेक वेळा तिकडच्या सर्वांत तावातावाने बोलणाऱ्यांचं. ते वाचून मत कशाला बदलेल, आपण आपल्यांना आणखी चिकटतो.

त्यात समोरच्या गटात नेमकं कोण आहे, याचा अंदाजही भलताच असतो. रिपब्लिकन समर्थकांपैकी अडीच लाख डॉलरहून जास्त वार्षिक कमाई असलेले किती, असं अमेरिकी लोकांना विचारलं, तेव्हा सरासरी उत्तर आलं 38 टक्के. प्रत्यक्षात होते जेमतेम 2. डेमोक्रॅट पक्षाबद्दलचे अंदाजही असेच फुगलेले. ज्यांना खरे आकडे दाखवले, त्यांना मात्र समोरच्या पक्षाचे समर्थक इतरांना वाटतात तितके टोकाचे वाटले नाहीत.