प्रकाशाच्या पुढचे पहिले पाऊल: आमच्या एका कपाटाविषयी

शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात आलेले वाचक आमच्या पुस्तकांच्या दुकानात डोकावतात आणि विचारतात, "ताऱ्यांवर जायच्या गोष्टी आहेत?" आहेत. बहुतेक इंग्रजी, थोड्या मराठी. सुरुवात कुठून करावी हे सांगण्यासाठी हे पत्रक.

आधी अडचण समजून घ्या. सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे; म्हणजे तिथून निघालेल्या प्रकाशालाही इथे यायला सव्वाचार वर्षे लागतात. १९७७ साली निघालेले 'व्हॉयेजर १' हे अंतराळयान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. तेवढे अंतर कापायला त्याला पाऊण लाख वर्षे लागतील. बरे, वेग वाढवत नेला तरी आइन्स्टाइनचा १९०५चा सिद्धांत आडवा येतो: वस्तुमान असलेल्या कशालाही प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, गाठता येत नाही. तेव्हा लेखकाला आडवाट शोधावी लागते. त्या वाटेची किंमत तो कोणाला मोजायला लावतो, यावरून आम्ही पुस्तक पारखतो.

असिमॉव्ह यांच्या 'आय, रोबॉट' (१९५०) या कथासंग्रहात प्रकाशाला मागे टाकणाऱ्या पहिल्या उड्डाणाची एक कथा आहे. यान बांधणाऱ्या यंत्रबुद्धीलाच त्या उडीची धास्ती वाटते. कारण कळते तेव्हा वाचकही दचकतो. नव्या वाचकाला आम्ही हीच कथा आधी देतो. एका बैठकीत संपते.

हाइनलाइन यांची 'टाइम फॉर द स्टार्स' (१९५६) ही कादंबरी मात्र सावकाश वाचा. जुळ्या भावांपैकी एक यानात, दुसरा पृथ्वीवर. दोघे मनाने एकमेकांशी बोलतात. यान प्रकाशाच्या वेगाजवळ जाते तसा त्यातला काळ मंदावतो; इथला भाऊ म्हातारा होत जातो आणि तिथला तरुणच राहतो. प्रकाशाला मागे टाकणारे यान येते ते अगदी शेवटी, या सगळ्यांनी आयुष्याची वर्षे मोजून दिल्यावर. आमच्या मते या कपाटातले सर्वांत हळवे पुस्तक हेच.

सेगन यांच्या 'कॉन्टॅक्ट' (१९८५) या कादंबरीमुळे तर उलटेच घडले: गोष्टीने विज्ञानाला वाट दाखवली. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना कथेसाठी शास्त्रीय वाट विचारली आणि त्यातून वर्महोलवर, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या कल्पित बोगद्यावर, खरेखुरे संशोधन सुरू झाले.

गोव्याच्या वाचकाला या गोष्टींतले एक अंग फार जवळचे वाटेल. लिस्बनहून सुटलेले गलबत आशेच्या भूशिराला वळसा घालून मांडवीत शिरायला सहाएक महिने लागत, आणि तिकडची बातमी बहुधा त्याच गलबतातून येई. प्रकाशापेक्षा वेगवान यानाचेही तसेच. रेडिओसंदेश मागे रेंगाळतो, यान पुढे निघून जाते; ते परतेपर्यंत किनाऱ्यावरच्यांना काही कळत नाही. हे वाट पाहणे ज्याने मनापासून लिहिले, त्याचे पुस्तक आम्ही वरच्या फळीवर ठेवतो.

मराठीतूनच सुरुवात करायची असेल तर नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेली त्यांची 'कृष्णविवर' ही कथा 'यक्षांची देणगी' या संग्रहात मिळेल. वेगवान यान त्यात नाही, पण काळ सगळीकडे सारख्या चालीने जात नाही हे तिथे नीट उमगते.

इंग्रजी पुस्तकांत आम्ही अवघड शब्दांचे मराठी टिपण घालून ठेवले आहे. पुस्तकाबरोबर ते परत आणा. वाचायला तीन आठवडे मिळतील. हाइनलाइनची प्रत एकच आहे, म्हणून येण्याआधी विचारून घ्या.