कॅलिफोर्नियात घराला सौर बॅटरी बसवताना परमिट नेमके कुठे अडते

कॅलिफोर्नियात सौर पॅनेलला जोडून बॅटरी बसवण्यास शहरांची सहसा हरकत नसते, उलट राज्याचे धोरण त्याला अनुकूल आहे. तरीही सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील अनेक मराठी कुटुंबांचे अर्ज ‘दुरुस्ती करून पुन्हा सादर करा’ अशा शेऱ्यानिशी परत येतात. याच्या मुळाशी बहुधा एकच गैरसमज असतो. शहर बॅटरीला मंजुरी देते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मंजुरी मिळते ती अमुक बॅटरी, अमुक इन्व्हर्टरबरोबर, तुमच्या घराच्या अमुक भिंतीवर बसवण्याला. यांपैकी एक गोष्ट बदलली की अर्जही बदलावा लागतो. सुरक्षेचे नियम राज्याच्या बांधकाम संहितेत, म्हणजे ‘टायटल २४’मध्ये आहेत, त्यांची अंमलबजावणी मात्र शहर किंवा काउंटी करते, त्यामुळे शेजारच्या शहरात चाललेला नकाशा आपल्या शहरात तसाच चालेल, असे गृहीत धरू नये.

अर्ज सहसा कॉन्ट्रॅक्टर करतो. त्याच्याकडे सी-१० (विद्युत) किंवा सी-४६ (सौर) परवाना असावा लागतो. सी-४६ वाल्याला सौर यंत्रणेला जोडलेली ८० किलोवॅट-तासांपर्यंतची बॅटरीच बसवता येते, म्हणून पॅनेलशिवाय नुसती बॅटरी हवी असल्यास सी-१० परवानाधारकच शोधावा. परवाना राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. घरमालकाला स्वतःच्या नावावरही परमिट काढता येते, पण मग तपासणीत निघालेल्या प्रत्येक त्रुटीची जबाबदारी त्याचीच राहते.

नकाशा, एकरेषीय विद्युत आराखडा (विजेची जोडणी दाखवणारी सोपी आकृती), उपकरणांच्या डेटाशीट आणि शुल्क ही कागदपत्रे सगळेच जोडतात. अर्ज अडतो तो यूएल (अमेरिकेतील सुरक्षा-मानके ठरवणारी संस्था) ९५४० च्या प्रमाणपत्रावर. बॅटरीच्या डेटाशीटवर यूएल १९७३ आणि इन्व्हर्टरच्या डेटाशीटवर यूएल १७४१ असे ठळक छापलेले असते, आणि दोन प्रमाणपत्रे जोडली म्हणजे काम झाले असे अर्जदाराला, क्वचित कॉन्ट्रॅक्टरलाही, वाटते. ती दोन सुट्या भागांची प्रमाणपत्रे आहेत. यूएल ९५४० हे बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून होणाऱ्या संपूर्ण यंत्रणेचे आहे, आणि त्यात तुमच्या इन्व्हर्टरचा मॉडेल क्रमांक अक्षरशः लिहिलेला असावा लागतो. एका कंपनीची स्वस्त बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीचा आधीपासून घरी असलेला इन्व्हर्टर अशी जोडी जमवणाऱ्यांना हे प्रमाणपत्र मिळतच नाही, कारण ते अस्तित्वातच नसते. पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून हा कागद मागावा. तो ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर थांबावे.

यूएल ९५४०ए हे नाव त्याच्यासारखे दिसते, पण तो प्रमाणपत्राचा प्रकार नव्हे. आग एका संचातून दुसऱ्या संचात पसरते का, हे पाहण्याची ती चाचणीपद्धत आहे. दोन बॅटरी संचांमध्ये ३ फुटांचे अंतर ठेवावे लागते, आणि त्याहून जवळ बसवायचे असल्यास या चाचणीचा अहवाल दाखवावा लागतो. बहुतेक गॅरेजांमध्ये तेवढी मोकळी भिंत नसल्याने एकाहून अधिक संच बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा अहवाल लागतो, आणि तरी तो सुरुवातीला जोडणारे थोडेच.

जागेचे नियम त्या मानाने स्पष्ट आहेत. शयनगृहात, किंवा शयनगृहात थेट उघडणाऱ्या कपाटात वा खोलीत, बॅटरी चालत नाही. गॅरेजमध्ये आणि घराच्या बाहेरील भिंतीवर प्रत्येकी एकूण ८० किलोवॅट-तासांपर्यंत परवानगी आहे, घरातील साठवणीच्या किंवा युटिलिटीच्या जागेत ४०, आणि एकेका संचाची मर्यादा २०. बाहेर बसवताना घरात उघडणाऱ्या दारे-खिडक्यांपासून ३ फूट अंतर सोडावे लागते, आणि नेमकी हीच मोजमापे नकाशावर नसतात: भिंत दाखवलेली असते, पण तिच्यातली खिडकी वगळलेली असते. गॅस मीटरही दाखवावा. गॅरेजमध्ये गाडी जिथून आत येते त्या रेषेत बॅटरी येत असेल, तर धक्का लागू नये म्हणून पुढे खांब किंवा तत्सम संरक्षण हवे, आणि तेही नकाशावर हवे.

जुन्या घरांची खरी अडचण मेन पॅनेलची, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीची, असते. पॅनेलमधील बसबारची (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीची) क्षमता २०० अँपिअर आणि मुख्य ब्रेकरही २०० चा असेल, तर प्रचलित १२० टक्क्यांच्या नियमानुसार (दोन्ही ब्रेकरांची बेरीज बसबारच्या क्षमतेच्या १२० टक्क्यांपर्यंतच) सौर पॅनेल वा बॅटरीकडून येणाऱ्या विजेसाठी ४० अँपिअरचा ब्रेकर बसतो. १०० अँपिअरच्या पॅनेलमध्ये फक्त २० चा. सौर पॅनेलने ही जागा आधीच व्यापलेली असेल तर बॅटरीसाठी काही उरत नाही. मग मेन पॅनेल बदलणे किंवा प्रवाह नियंत्रित करणारी यंत्रणा दाखवणे असे मार्ग उरतात. पॅनेल बदलण्यात वीज कंपनीचा सहभाग येत असल्याने वेळ लागतो, आणि ‘हा खर्च कोटेशनमध्ये नव्हता’ हे वाक्य इथेच ऐकू येते.

तारखांबाबतही गफलत होते. ‘टायटल २४’ची २०२५ ची आवृत्ती १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे, आणि कोणती संहिता लागू होणार हे परमिटच्या अर्जाच्या तारखेवरून ठरते. करार आदल्या वर्षी केला होता, या सबबीला अर्थ नाही. जुन्या संहितेचा उल्लेख राहिलेला नकाशा तेवढ्यावरूनही परत येऊ शकतो. केंद्राच्या ३० टक्के करसवलतीबाबतही असेच झाले. ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत पैसे भरण्याची नव्हती, काम पूर्ण होण्याची होती. आगाऊ रक्कम भरून निश्चिंत झालेल्यांना हे समजावणे कठीण गेले. तसेच २०२२ च्या एसबी ३७९ कायद्यामुळे अनेक शहरांत ऑनलाइन परमिट लगेच मिळते, परंतु ते ठरावीक साच्यात बसणाऱ्या अर्जांनाच, आणि परमिट म्हणजे बॅटरी चालू करण्याची परवानगी नव्हे.

काम झाल्यावरच्या तपासणीत बॅटरीत दोष क्वचितच निघतो. नापास होण्याची कारणे वेगळीच असतात. १,००० डॉलरहून अधिक कामाचे परमिट काढले की राज्याच्या कायद्याने घरभर धूरसूचक यंत्रे नियमाप्रमाणे असावी लागतात. एखाद्या शयनगृहात यंत्र नसेल किंवा दहा वर्षांहून जुने असेल, तर इन्स्पेक्टर सही करत नाही. गॅरेजमध्ये धूरसूचक चालत नसल्यास उष्णतासूचक बसवून तो घरातील यंत्रांशी जोडावा लागतो. विद्युत उपकरणापुढे ३ फूट खोल आणि ३० इंच रुंद मोकळी जागा लागते, आणि गणपतीच्या मखरापासून मुलांच्या सायकलींपर्यंत सगळे जिथे ठेवलेले असते त्या आपल्या गॅरेजांत ती तपासणीच्या दिवशी तरी करावी. आणीबाणीत यंत्रणा बंद करण्याचा स्विच घराबाहेर सहज हाती लागेल असा असावा आणि त्यावर लेबल असावे.

शहराची अंतिम सही झाल्यावर वीज कंपनीकडून स्वतंत्रपणे ‘पीटीओ’, म्हणजे यंत्रणा चालवण्याची लेखी परवानगी, घ्यावी लागते. ती येईपर्यंत यंत्रणा वीज कंपनीच्या जाळ्याला जोडून चालवू नये, कॉन्ट्रॅक्टर काहीही म्हणो. ज्यांची सौर पॅनेले एप्रिल २०२३ पूर्वीच्या नेट मीटरिंगखाली (जाळ्यात सोडलेली वीज बिलातून वजा करण्याच्या योजनेखाली) आहेत, त्यांना बॅटरी जोडल्याने जुना दर गमवावा लागेल अशी भीती असते. नुसती बॅटरी जोडल्याने तो जात नाही. पॅनेलांची क्षमता १० टक्के किंवा १ किलोवॅट, यांपैकी जे अधिक असेल, त्यापलीकडे वाढवली तर जातो, म्हणून ‘बॅटरीबरोबर चार पॅनेलेही टाकून घ्या’ हा विक्रेत्याचा आग्रह मान्य करण्याआधी वाढीव क्षमतेचा हिशेब कागदावर मागून घ्यावा.