जेवलेले लक्षात राहिले, की भूकही आवरते
आमच्याकडे आहारसल्ला घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

‘पोट भरलेले असते, तरी काहीतरी खावेसे वाटतेच.’ पहिल्या भेटीत हे आम्ही नेहमी ऐकतो. त्यापाठोपाठ ‘माझाच मनावर ताबा नाही’ असे स्वतःला दूषण देणेही आलेच. ते आम्हाला अजिबात पटत नाही. जठर, आतडी, चरबी आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते आणि भूक त्यातून ठरते. त्यात आपल्या स्मरणशक्तीचा वाटा किती मोठा असतो, याची मात्र बहुतेकांना कल्पना नसते.

जठर रिकामे झाले की ते घ्रेलिन नावाचे हार्मोन रक्तात सोडते. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये ते शोधून काढले. जेवणाआधी घ्रेलिनची पातळी चढते, जेवल्यावर उतरते. रोजच्या ठरलेल्या वेळांशीही ते जुळवून घेते. जेवणाची वेळ टळली, की थोड्या वेळाने भूक आपोआप मंदावते ती त्यामुळेच. लेप्टिनचे काम वेगळे आहे. १९९४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलेले हे हार्मोन चरबीच्या पेशी तयार करतात आणि शरीरात साठा किती आहे, हे मेंदूला कळवतात. वजन उतरले की लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते. वजन कमी केलेल्यांची वर्षभरानंतर तपासणी केली, तेव्हाही हा बदल टिकून असल्याचे २०११ मधील एका अभ्यासात आढळले. तेव्हा वजन घटल्यावर भूक वाढली, तर ती तुमची चूक समजू नका.

आता डोपामाइन, म्हणजे मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात ते एक रसायन. त्याला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, पण खाण्याच्या बाबतीत त्याचे मुख्य काम ओढ लावण्याचे आहे. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. एखाद्या खुणेनंतर गोड रस मिळतो हे माकड शिकले, की त्याच्या मेंदूतील डोपामाइन सोडणाऱ्या पेशी रस मिळताना नव्हे, तर ती खूण दिसतानाच उत्तेजित होत. खूण दिसूनही रस आला नाही, तर त्या पेशींचे काम मंदावे. आवडत्या खाऊचे पाकीट नुसते दिसले तरी हात पुढे का जातो, ते यावरून कळते. डोपामाइन तयारच करू न शकणारी उंदरांची पिल्ले समोर अन्न असूनही उपाशी राहतात, हे १९९५ मध्ये दिसून आले होते. घ्रेलिनचा या पेशींवरही परिणाम होतो, म्हणून भुकेल्या वेळी तेच पाकीट जास्त खुणावते.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा भाग. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा आठवणी घडवणारा भाग, आणि घ्रेलिन तिथेही पोचते. २००६ मध्ये उंदरांत असे दिसले की घ्रेलिनमुळे हिप्पोकॅम्पसमधील पेशींची जोडणी वाढते आणि शिकणे सुधारते. भुकेल्या प्राण्याला अन्न कुठे मिळाले होते ते आठवावे, ही निसर्गाची सोय असावी. पण हे उलट दिशेनेही चालते, म्हणजे आठवण भूक ठरवते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्या आठवणी साठवू न शकणाऱ्या दोन रुग्णांना पूर्ण जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा ताट वाढले गेले. त्यांनी तेही खाल्ले, आणि बहुतेक वेळा तिसऱ्यालाही सुरुवात केली! जठर भरलेले होते, पण जेवल्याची आठवण नव्हती.

स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांतही हेच दिसते. २०१२ मधील एका प्रयोगात सूपच्या वाडग्याला लोकांच्या नकळत नळी जोडली होती, त्यामुळे दिसत होते त्यापेक्षा कमी किंवा जास्त सूप पोटात जात होते. जेवल्याबरोबर वाटणारी भूक प्रत्यक्ष प्यायलेल्या सूपवर अवलंबून होती. दोन-तीन तासांनी मात्र ज्यांनी भरलेला वाडगा पाहिला होता, त्यांना भूक कमी वाटली, मग पोटात कितीही गेलेले असो.

म्हणून आमचा पहिला सल्ला ‘काय खाऊ नका’ असा नसतो. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवा, एवढेच आम्ही आधी सांगतो. लक्ष दुसरीकडे असताना केलेले जेवण नीट आठवत नाही आणि नंतर जास्त खाल्ले जाते, हे प्रयोगांत दिसले आहे. सगळे अन्न एकदाच ताटात वाढून घ्या, म्हणजे किती खाल्ले ते डोळ्यांना दिसते. मधल्या वेळी हात डब्याकडे गेला, तर आधीच्या जेवणात काय काय होते ते मनात आठवा. दुपारचे जेवण आठवायला सांगितलेल्यांनी नंतर खाऊ कमी खाल्ला, असेही आढळले आहे.

झोपेकडेही लक्ष द्या. २००४ मधील एका छोट्या अभ्यासात तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे घ्रेलिन २८ टक्के वाढले आणि लेप्टिन १८ टक्के घटले.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल, तर जेवणाच्या वेळा स्वतःहून बदलू नका, आधी डॉक्टरांना विचारा. भूक कमी करणारी औषधे आम्ही देत नाही, तो निर्णय डॉक्टरांचाच. भूक अचानक खूप वाढली किंवा साफ गेली, तर आमच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. पुढच्या भेटीला येताना आदल्या दिवशी काय खाल्ले, ते कुठेही न पाहता आठवणीने लिहून आणा. त्यातले जे आठवले नाही, तिथूनच आपण बोलायला सुरुवात करू.