रेषीय विवर्धक, नलिकायुक्त (हौशी रेडिओ)

हौशी रेडिओ केंद्रातील प्रेषकाचा साधारणतः १०० वॅटपर्यंतचा संकेत निर्वात नलिकेच्या साहाय्याने काही शे ते दीड हजार वॅटपर्यंत वाढवून अँटेनाकडे पाठविणारे साधन. हौशी मंडळींत याला नुसते ‘लिनिअर’ म्हणतात. एकपार्श्वपट्ट (एसएसबी) प्रेषणात, म्हणजे भाषण पाठविण्याच्या हौशी मंडळींतील रूढ पद्धतीत, आवाजाचे चढउतार संकेताच्या उंचीत असतात व ते जसेच्या तसे वाढले पाहिजेत. म्हणून निर्गत संकेत आदान संकेताच्या प्रमाणात राहणे, म्हणजेच रेषीयता, हा या विवर्धकाचा आवश्यक गुण होय. यासाठी नलिका बहुधा एबी वर्गात, म्हणजे संकेत नसतानाही थोडा प्रवाह वाहत राहील अशा बेताने, चालविली जाते. मोर्स संदेशांसाठी चालणारा सी वर्गातील विवर्धक अधिक कार्यक्षम असला, तरी एकपार्श्वपट्ट भाषणासाठी तो निरुपयोगी ठरतो.

इतिहास : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांची द्विप्रस्थ नलिका (इलेक्ट्रॉन सोडणारे ऋणाग्र व ते गोळा करणारे धनाग्र अशी दोनच प्रस्थे असलेली) १९०४ ची, तर ली डी फॉरेस्ट यांची जालकयुक्त (या दोहोंमध्ये प्रवाह नियंत्रित करणारी जाळी घातलेली) ऑडिऑन नलिका साधारण १९०६–०७ मधील मानली जाते. मात्र विवर्धनाचे श्रेय एकट्या डी फॉरेस्ट यांना देणे अभ्यासकांना आज योग्य वाटत नाही. रोबेर्ट फोन लीबेन यांनी ऑस्ट्रियात १९०६ च्या सुमारास विवर्धनाच्याच हेतूने नलिका योजिली होती, तर ऑडिऑन सुरुवातीला केवळ संकेत ओळखण्यासाठी वापरली जात असे. शिवाय नलिकेत राहिलेला थोडा वायू तिच्या कार्यास आवश्यक आहे, असे डी फॉरेस्ट मानत. सु. १९१२–१३ मध्ये हॅरल्ड आर्नल्ड व अर्व्हिंग लँगम्यूर यांनी स्वतंत्रपणे उच्च निर्वात साधल्यावरच नलिका भरवशाची व शक्तिशाली झाली. लँगम्यूर यांचे उच्च निर्वाताचे एकस्व (पेटंट) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये रद्द ठरविले. तथापि न्यायालयीन निर्णय हा तांत्रिक श्रेयाचा पुरावा मानता येत नाही, आणि उच्चशक्ती नलिकेचा खरा आरंभ या दोघांच्या कामापासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

हौशी क्षेत्राशी या उद्योगाचा संबंध निकटचा आहे. विल्यम आइटेल व जॅक मॅक्कलो या दोन हौशी रेडिओकारांनी १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या आयमॅक या कंपनीच्या ३–५००झेड, ४सीएक्स२५०बी, ८८७७ इ. नलिका पुढे हौशी विवर्धकांचा कणा ठरल्या. आर.सी.ए. कंपनीची ८०७ (सु. १९३६) ही ६एल६ या ध्वनिनलिकेपासून घडविलेली असून तिचे धनाग्र डोक्यावरील टोपीतून बाहेर काढले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती शिल्लक लष्करी मालातून स्वस्तात मिळू लागली.

अस्थैर्याचा प्रश्न : या साधनाची खरी अडचण विवर्धन करण्याची नसून, विवर्धक स्वतःच आंदोलक होऊ न देण्याची आहे. त्रिप्रस्थ नलिकेत धनाग्र व जालक ही दोन्ही धातूची असून जवळजवळ असल्यामुळे त्यांच्यात काही पिकोफॅरड धारिता आपोआप निर्माण होते. उच्च कंप्रतेला एवढी धारिताही पुरेशी वाट देते. वाढलेल्या संकेताचा अंश तिच्यातून जालकाकडे परततो आणि नलिका कोणत्याही आदान संकेताविना आंदोलने करू लागते.

यावरील पहिला उपाय म्हणजे उदासिनीकरण. परत येणाऱ्या अंशाइतकाच पण विरुद्ध कलेचा (फेजचा) संकेत एका लहान धारित्रामार्फत जालकाला देऊन दोहोंचा परिणाम शून्य करणे, हे त्याचे तत्त्व. याच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात हे श्रेय लुई हॅझेल्टाइन यांना दिले जाते. त्यांनी अमेरिकी नौदलासाठी १९१८ च्या सुमारास ग्राहीचा (रिसीव्हरचा) आराखडा केला आणि १९२३ मध्ये ‘न्यूट्रोडाइन’ या नावाने आपले मंडल जाहीर केले. परंतु राल्फ हार्टली व चेस्टर राइस यांची तत्सम एकस्वे आधीची होती व १९२७ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. हॅझेल्टाइन यांच्या पद्धतीत धनाग्राच्या वेटोळ्याला मधोमध जोड देऊन विरुद्ध कला मिळविली जाते, राइस यांच्या पद्धतीत हाच जोड जालकाच्या वेटोळ्याला असतो. प्रेषकांच्या रचनेत दोन्ही रीती आढळतात. त्यामुळे एकाच व्यक्तीला जनक न म्हणता, तीन-चार ठिकाणी जवळपास एकाच काळी सुचलेली युक्ती असे तिचे वर्णन करणे उचित होईल.

दुसरा उपाय पडदा-जालकाचा. धनाग्र व नियंत्रक जालक यांच्यामध्ये आणखी एक जालक घातले असता आंतरधारिता कमालीची घटते. वाल्टर शॉट्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात चतुष्प्रस्थ नलिकेचा विचार मांडला असला, तरी आंतरधारिता घटविण्याचे साधन म्हणून तिचे महत्त्व अल्बर्ट हल यांच्या १९२६ च्या सुमाराच्या कामातून व मार्कोनी कंपनीतील हेन्री राउंड यांच्या नलिकेतून स्पष्ट झाले, असे मत अधिक ग्राह्य वाटते. ८०७, ८१३, ६१४६ व ४सीएक्स२५०बी या नलिका याच कुळातील होत. त्यांना लागणारा संकेत अगदी थोडा असतो. मात्र पडदा-जालकासाठी स्वतंत्र, नियंत्रित विद्युत् दाबाचा पुरवठा करावा लागतो, आणि धनाग्राचा दाब गेलेला असताना पडद्याचा दाब चालू राहिला, तर काही क्षणांत पडदा-जालक जळते.

तिसरा उपाय भू-संपर्कित जालकाचा. यात जालक थेट चासीला जोडून संकेत ऋणाग्राला दिला जातो, म्हणजे जालकच आदान व निर्गत यांमधील पडदा होते. १९३०–४० च्या दशकात ‘उलटा विवर्धक’ या नावानेही ही रचना ओळखली जाई. तिचा पहिला प्रयोग नेमका कोणाचा याविषयी वेगवेगळे दावे आढळतात. एकपार्श्वपट्ट प्रेषणाचा प्रसार झाल्यावर हौशी वर्तुळात हीच रचना सर्वाधिक रूढ झाली, कारण १०० वॅटच्या प्रेषकाची शक्ती तिला चालविण्यास नेमकी पुरते व त्या शक्तीचा बराच भाग निर्गतात मिसळतो. दोन ८११ए, दोन ५७२बी किंवा एक-दोन ३–५००झेड ही तिची परिचित रूपे होत.

रचना : नलिकेची निवड तिच्या धनाग्राच्या उष्णता-उत्सर्जनक्षमतेवरून केली जाते. ही मर्यादा ८११ए साठी ६५ वॅट, ५७२बी साठी १६०, ३–५००झेड साठी ५०० व ८८७७ साठी १,५०० वॅट आहे. ३–५००झेड चा थोरियमयुक्त टंगस्टनाचा फिलामेंट ५ व्होल्टला जवळजवळ १५ अँपिअर घेतो. हा फिलामेंटच ऋणाग्र असल्याने, संकेत पुरवठ्याकडे जाऊ नये म्हणून दोन समांतर जाड तारा फेराइटच्या दांड्यावर गुंडाळून चोक करावा लागतो. याउलट ८८७७ ची ऑक्साइड-लेपित ऋणाग्रे अप्रत्यक्षपणे तापतात व त्यांना किमान तीन मिनिटे तापू दिल्याशिवाय संकेत देता येत नाही.

निर्गत बाजूस दोन बदलती धारित्रे व मध्ये वेटोळे असे, π (पाय) या ग्रीक अक्षराच्या आकाराचे ‘पाय-मंडल’ असते. आर्थर कॉलिन्स यांनी १९३० च्या दशकात ते हौशी प्रेषकांत रूढ केले. त्याचे मूळ दूरध्वनीच्या गाळण-मंडलांत आहे. धनाग्राला लागणारा भार-संरोध ढोबळमानाने दाब भागिले प्रवाहाची दीडपट असा काढतात. उदा., ३,००० व्होल्ट व ०·४ अँपिअर असल्यास तो ५,००० ओहम येतो. मंडलाचा गुणांक (क्यू) १२ धरला, तर पहिल्या धारित्राचा प्रतिक्रियारोध सुमारे ४१७ ओहम असावा लागतो. म्हणजे ३·६ मेगाहर्ट्झला सुमारे १०६ पिकोफॅरड, तर २८·५ मेगाहर्ट्झला जेमतेम १३. या १३ मध्ये नलिकेची स्वतःची धारिता व तारांची भटकी धारिताही मोडते. साहजिकच या वरच्या, म्हणजे १० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर किमान धारिता कमी असलेले, निर्वातातील धारित्र वापरण्याकडे कल असतो.

उच्चदाब पुरवठ्यात ४५० व्होल्टची २०० मायक्रोफॅरडची आठ धारित्रे एकसर जोडली असता २५ मायक्रोफॅरड मिळतात. ३,००० व्होल्टला त्यांत सुमारे ११२ जूल ऊर्जा साठते. ती प्राणघातक आहे. प्रत्येक धारित्रावर १ लक्ष ओहमचा समतोलक रोधक असतो व त्याचा कालांक २० सेकंद येतो. म्हणजे यंत्र बंद केल्यावर दाब शंभराव्या हिश्शापर्यंत उतरण्यास सुमारे दीड मिनिट लागते, आणि तेही सर्व रोधक शाबूत असतील तरच. म्हणून झाकण उघडल्यावर, आधी चासीला जोडलेल्या तारेचे टोक लांब विद्युत् निरोधक दांडीने उच्चदाब बिंदूवर टेकवून धारित्रे रिती झाल्याची खात्री करतात. हे काम एका हाताने, दुसरा हात पाठीशी ठेवून करण्याचा जुना नियम अत्यंत मोलाचा आहे व तो कधीही सैल करू नये. निर्गत टोकाशी चासीला जोडलेला २·५ मिलिहेन्रीचा चोक अनेकदा अनावश्यक समजून वगळला जातो. दाब अडविणारे धारित्र फुटल्यास अँटेनाच्या तारेवर ३,००० व्होल्ट येऊ न देता फ्यूज उडविणे हे त्याचे काम असल्याने तो वगळणे धोक्याचे होय.

दोषशोधन : तपासणीचा क्रम बंद यंत्रापासून सुरू होतो : डोळ्यांनी पाहणे, रोध मोजणे, मग फिलामेंटचा दाब नलिकेच्या पायांपाशीच मोजणे, त्यानंतर उच्चदाब, संकेताविना वाहणारा स्थिर प्रवाह आणि सर्वांत शेवटी संकेत. फिलामेंटचा दाब निर्धारित मूल्याच्या पाच टक्क्यांबाहेर जाऊ नये. ३–५००झेड च्या पायांतील डाख अपुऱ्या वाऱ्यामुळे वितळून जोड सैल होणे हा नेहमीचा दोष आहे. तो दिसताच पंख्याची तपासणी केली पाहिजे.

नलिकेचा प्रकाश बरेच काही सांगतो. काचेच्या आतल्या भिंतीवर दिसणारी फिकट निळी झाक काचेवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे असते व ती निरुपद्रवी होय. प्रस्थांमधील पोकळीत गुलाबी-जांभळा उजेड भरून आला, तर नलिकेत वायू शिरला आहे. मात्र जुन्या पुरवठ्यातील ८६६ए सारख्या पाऱ्याच्या बाष्पाच्या नलिकांत निळा-जांभळा उजेड हेच आरोग्याचे चिन्ह असते. लहान काचनलिकांच्या आतील रुपेरी आरसा दुधी पांढरा झाला असेल, तर हवा आत गेली आहे व ती नलिका टाकूनच द्यावी लागते. ३–५००झेड मध्ये असा आरसा नसतो; तिचे धनाग्रच वायू शोषते व त्यासाठी ते मंद लाल तापावे लागते. ही लाली पाहून यंत्र बिघडल्याची समजूत करून घेणे चुकीचे आहे.

जालकाचा प्रवाह वाढलेला व धनाग्राचा घटलेला दिसल्यास भार अपुरा जोडलेला असतो. निर्गत बाजूचे धारित्र आणखी उघडल्यावर दोन्ही काटे जागेवर येतात. संकेत देऊनही धनाग्राचा प्रवाह मुळीच हलत नसेल, तर अँटेना-रिलेचे काळवंडलेले संपर्क किंवा ऋणाग्रातील अभिनतीचा (नलिकेचा स्थिर प्रवाह ठरविणाऱ्या दाबाचा) झेनर डायोड प्रथम पाहावा.

अचानक ‘फाट्’ असा आवाज होऊन झेनर, मीटरचा शंट व फ्यूज एकदम जाणे, या दोषाच्या कारणाविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते धनाग्राची तार व नलिकेची धारिता मिळून १०० मेगाहर्ट्झच्या आसपास परजीवी (नको त्या कंप्रतेची) आंदोलने होतात व त्यांमुळे हा आघात घडतो. म्हणून धनाग्राच्या तारेतील, ही आंदोलने दाबणारे शामक वेटोळे नायक्रोमचे असावे. दुसरा पक्ष याचे कारण दीर्घकाळ पडून राहिलेल्या नलिकेत जमलेल्या वायूतून उडणारी ठिणगी हे मानतो. परजीवी आंदोलने खरीच होतात, आणि त्यांच्यासाठी शामक आवश्यकच आहे. संकेत नसताना धारित्र फिरविल्यावर जालकाचा प्रवाह उसळणे, शामकातील रोधकाचा रंग करपून तपकिरी होणे ही त्यांची लक्षणे. परंतु पूर्ण बंद अभिनतीत नलिका विवर्धन करत नाही, त्यामुळे ती आंदोलनही करू शकत नाही, आणि असा स्फोट त्या स्थितीतही झाल्याची उदाहरणे असल्याने अशा प्रसंगांपुरते तरी दुसरे मत अधिक पटते. उच्चदाबाच्या तारेत १० ते ५० ओहमचा तारेचा जाड रोधक घातल्यास कारण कोणतेही असो, हानी मर्यादित राहते.

भारतात : भारतीय नियमांनुसार सर्वसाधारण श्रेणीच्या परवानाधारकास ४०० वॅटपर्यंत, तर मर्यादित श्रेणीस ५० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते, अमेरिकेतील १,५०० वॅटच्या मर्यादेसाठी घडविलेले विवर्धक येथे पूर्ण शक्तीने चालविता येत नाहीत. केवळ ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या अमेरिकी रोहित्राला ५० हर्ट्झवर सुमारे २० टक्के अधिक चुंबकीय स्रोत (फ्लक्स) पेलावा लागतो व ते गुणगुणत तापते, हा आयात यंत्रांचा दोष पुष्कळदा नलिकेच्या माथी मारला जातो. कोकणपट्टीत पावसाळ्यात उच्चदाबाच्या जोडांवर बसलेली धूळ ओली होऊन गळती सुरू होते आणि बेकेलाइटच्या पट्टा-स्विचवर (कंप्रता-पट्टा बदलणाऱ्या स्विचवर) कोळशाची रेघ उमटते. अशी रेघ खरवडून काढण्यापेक्षा स्विचची चकती बदलणे इष्ट. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून ग्राही नलिकांचे उत्पादन केले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग व अधूनमधून जुन्या नलिका मिळत आल्या आहेत. सोव्हिएत बनावटीच्या जीयू-७४बी, जीआय-७बी व जीयू-५० या नलिकाही वापरात असून त्यांपैकी जीयू-५० ही युद्धकालीन जर्मन एलएस-५० वरून घेतलेली आहे.